जुन्या सायकलला मोटर लावताय? लुनाच्या जिल्ह्यातून समजून घ्या २५० वॅटचं गणित

'आजोबांची सायकल बनली ई-बाइक' अशा नावाचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. गंजलेली काळी सायकल, नवीन रंग, मागच्या चाकात गोल मोटर, दांड्याला बांधलेली बॅटरी आणि शेवटी रिकाम्या रस्त्यावर ४५ चा स्पीड दाखवणारा डिस्प्ले. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो: किट कुठे मिळेल? दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ही गाडी रस्त्यावर चालवली तर कायद्याच्या नजरेत ती सायकल असते की मोटारसायकल?

हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यात विचारण्यात एक मजा आहे. सायकल आणि मोटर यांच्या मधली भारतातली सगळ्यात गाजलेली गाडी, म्हणजे लुना, याच शहरातून देशभर गेली. तिची नवी इलेक्ट्रिक बहीण याच जिल्ह्यातल्या सुपा एमआयडीसीत तयार होते. आणि गाडी रस्त्यावर आणायला योग्य आहे की नाही हे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, हीसुद्धा नगरमध्येच आहे. म्हणजे गाडी बनवणं, ती तपासणं आणि घरी जुगाड करणं, हे तिन्ही एकाच जिल्ह्यात. तर मग इथूनच सुरुवात करू.

होंडानेही हेच केलं होतं

सायकलला मोटर बसवणं हा काही यूट्यूबचा शोध नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पेट्रोलची आणि वाहनांची टंचाई होती. तेव्हा सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्कराची उरलेली छोटी जनरेटर इंजिनं घेऊन ती सायकलींना बसवायला सुरुवात केली. इटलीत त्याच सुमारास 'कुचोलो' नावाचं सायकलला लावायचं इंजिन आलं. पुढे डुकाटी कंपनीने तेच बनवलं आणि तिथून तिचा मोटारसायकलींचा प्रवास सुरू झाला. या सगळ्या प्रकाराला नंतर 'मोपेड' हे नाव पडलं. मोटर अधिक पेडल, इतकं ते सरळ आहे.

आपल्याकडे हे काम हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने केलं. १९७२ मध्ये लुना आली. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही आणि पेडल मात्र आहेत. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवरून ती घेतलेली होती. पेडल मारून गाडी सुरू करायची आणि चढ आला की पेडल मारून तिला हातभार लावायचा. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी रेटत पंपापर्यंत न्यायची. टीएफआर, डबल प्लस, मॅग्नम, सुपर अशी तिची पुढची रूपं ग्रामीण महाराष्ट्रात घराघरात होती. दुधाचे कॅन, भाजीचं गाठोडं, मागे एक माणूस, असं सगळं तिच्यावरून जायचं. पुढे शंभर सीसीच्या जास्त मायलेजवाल्या मोटारसायकली आल्या, हप्त्यावर गाड्या मिळू लागल्या आणि लुना मागे पडली. आज नव्या पेट्रोल मोपेडमध्ये टीव्हीएसची एक्सएल १०० तेवढी उरली आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने 'ई-लुना' आणली. सुरुवातीची किंमत ६९,९९० रुपये, १.२ किलोवॅटची मोटर आणि ताशी ५० किमी वेग. दोन किलोवॅट-तासाच्या बॅटरीवर एका चार्जमध्ये ११० किमी जाईल, असा कंपनीचा दावा. नाव लुना असलं तरी हिला पेडल नाहीत. नंबरप्लेट, इन्शुरन्स आणि लायसन्स हे सगळं लागतं. म्हणजे नावाने ती मोपेड, कागदावर पूर्ण वाढलेली दुचाकी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

कायदा दोनच खाने ओळखतो

आता मुद्द्यावर येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये आहे आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. या नियमांमध्ये इलेक्ट्रिक सायकलसाठी एक सवलत आहे. ती साध्या भाषेत अशी:

पेडल-असिस्ट सायकल: मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग वाढेल तशी मोटरची मदत हळूहळू कमी व्हायला हवी आणि ताशी २५ किमीला ती पूर्ण बंद व्हायला हवी. तुम्ही पेडल मारणं थांबवलं तर त्याआधीच बंद व्हायला हवी. ब्रेक व्यवस्थित हवेत. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. एवढं असेल तर ती 'मोटार वाहन' धरली जात नाही. मग नंबर नको, लायसन्स नको, इन्शुरन्स नको.

थ्रॉटलवर चालणारी गाडी: म्हणजे पेडल न मारता नुसती मूठ पिळली की पळणारी. हिलाही २५० वॅटपेक्षा कमी ताकद आणि २५ पेक्षा कमी वेग असेल तर सूट मिळते, पण एका अटीवर. हे सगळं नियम १२६ मध्ये नाव असलेल्या तपासणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असायला हवं. पुण्याची एआरएआय आणि नगरची व्हीआरडीई या अशाच संस्था.

इथे घरी किट बसवणाऱ्याची खरी अडचण आहे. कंपनी आपलं मॉडेल एकदा तपासून घेते आणि मग त्याच मॉडेलच्या हजारो गाड्या विकते. तुमच्या सायकलचं मॉडेल जगात एकच आहे. त्या एका सायकलसाठी तपासणी संस्थेकडे जाणं खर्चाच्या दृष्टीने कोणालाच परवडणारं नाही. म्हणून घरी बनवलेल्या थ्रॉटलवाल्या सायकलला सूट मिळवायचा व्यवहारात मार्गच नाही. याउलट पेडल-असिस्टवाल्या तरतुदीत अटी सरळ लिहिलेल्या आहेत आणि त्या तुम्ही स्वतः पाळू शकता. किट घेताना थ्रॉटल नको, पेडल सेन्सरवालं किट घ्या, असं जाणकार सांगतात त्यामागचं कारण हेच.

पेट्रोलच्या किटचं काय? कायद्याच्या व्याख्येत चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंत इंजिन असलेल्या वाहनाला 'मोटार वाहन' मानलेलं नाही. पण ऑनलाइन विकली जाणारी सायकलची टू-स्ट्रोक किट बहुतेक करून ५० ते ८० सीसीची असतात. ती लावली की तुमची सायकल मोटार वाहन झाली. आणि अशा वाहनाची नोंदणी होणार नाही, कारण तिला ना कंपनीचं मान्यता प्रमाणपत्र आहे, ना बीएस-६ प्रदूषण मर्यादेची चाचणी. थोडक्यात, ती शेतात चालवा, रस्त्यावर नाही.

२५० वॅट आणि २५ किमी यांच्या एक पाऊल पुढे गेलात की मधे काहीच नाही, थेट दुसरा खाना सुरू होतो. १,००० वॅटची मोटर लावलेली सायकल आणि ३५० सीसीची बुलेट, दोन्ही कायद्याला सारखीच मोटार वाहनं.

पकडलं तर काय, आणि धडक बसली तर काय?

दंडापासून सुरू करू. नोंदणी नसलेलं वाहन चालवलं तर केंद्रीय कायद्यात पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन्स नसेल तर ५,००० आणि इन्शुरन्स नसेल तर २,०००. चालवणारा १८ वर्षांखालचा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकच जबाबदार धरले जातात. त्यात २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. हे कोणाला खोटं वाटत असेल तर कलम १९९-ए वाचा.

२०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने राज्यभर ई-बाइकची तपासणी मोहीम घेतली होती. २५० वॅटच्या सवलतीखाली विकलेल्या गाड्यांमध्ये जास्त ताकदीच्या मोटर बसवल्या जातात आणि वेगाची मर्यादा काढली जाते, ही तक्रार त्यामागे होती. म्हणजे ही सवलत वाकवली जाते हे सरकारला माहीत आहे.

पण दंड ही छोटी गोष्ट आहे. समजा, तुमची १,००० वॅटची सायकल बाजारात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धडकली. रीतसर दुचाकी असती तर थर्ड-पार्टी इन्शुरन्सने त्यांच्या उपचाराची भरपाई दिली असती. तुमच्या गाडीचा इन्शुरन्स निघूच शकत नाही, कारण तिला नंबर नाही. मग अपघात न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या खिशातून जाईल. आणि ज्यांना लागलं, त्यांनाही ती मिळेपर्यंत किती काळ जाईल सांगता येत नाही. रीलमध्ये ४५ चा आकडा दिसतो, हे दिसत नाही.

२५० वॅट पुरतात का? गणित करून बघू

'२५० मध्ये काय होतंय, १,००० घे' हा सल्ला प्रत्येक दुकानात मिळतो. तो तपासू. सायकल, बॅटरी आणि माणूस मिळून ११० किलो धरा. जुन्या सायकलवर आपण ताठ बसतो, म्हणून वारा जास्त लागतो.

- सपाट रस्त्यावर ताशी २५ किमी: साधारण २०० वॅट लागतात.
- सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी: साधारण ६५० ते ७०० वॅट.
- पाच टक्के चढावर ताशी १५ किमी: साधारण २९० वॅट.

वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला आणि ताकद तिपटीवर गेली. कारण वाऱ्याचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. नगर शहरातून सावेडी, भिंगार किंवा केडगावला जायला २५० वॅट आणि थोडं पेडल भरपूर झालं. निरोगी माणूस आरामात ७५ ते १०० वॅट पायाने देऊ शकतो. इमामपूर घाटासारख्या चढाला मात्र पेडल जोरात मारावं लागेल आणि वेग पंधराच्या आसपास राहील. लुनावर आपल्या आधीच्या पिढीने चढाला हेच केलं होतं.

बॅटरीचं गणितही यातूनच निघतं. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पेडल मारत २० ते २५ च्या वेगाने चाललात तर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास जातात. म्हणजे ३० ते ३५ किमी. तीच बॅटरी ४० च्या वेगाने पळवली तर २० किमीच्या आतच दम सोडेल.

जुनी सायकल: आधी ब्रेक, मग मोटर

ॲटलस, हिरो, हर्क्युलिस किंवा रॅलेची काळी २८ इंची सायकल दिसते दणकट, आणि फ्रेम खरंच दणकट असते. तिचं स्टील मोटरचा भार नव्या हलक्या ॲल्युमिनिअमपेक्षा बरा सोसतं. अडचण वेगळीकडे आहे, ती ब्रेकमध्ये.

जुन्या सायकलला सळईचे ब्रेक असतात. त्यांची रबरं रिमच्या आतल्या बाजूला, खालून दाबली जातात. रिम गुळगुळीत स्टीलची असते आणि पाऊस पडला की ती जवळजवळ धरतच नाही. १५ च्या वेगाने जाणारी सायकल ३० ला गेली की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

आता किटचं चाक येतं ते बहुतेक वेळा २६ इंची, नव्या प्रकारच्या रिमचं. त्यावर सळईचे ब्रेक बसतच नाहीत. 'मग मोटर जुन्याच रिममध्ये ओवू' असं ठरवलं तर दुसरी अडचण येते. जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. हब मोटरला बहुतेक करून ३६ भोकं असतात, म्हणजे ती कुठल्याच रिमशी जुळत नाही. म्हणून किट ऑर्डर करण्याआधी या गोष्टी मोजून घ्या:

१. रिमची भोकं आणि चाकाचा साइज.
२. मागच्या फोर्कच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. मागची हब मोटर बहुतेक वेळा १३५ मिलिमीटरची असते. जुन्या सायकलमध्ये जागा कमी असते.
३. एक्सल बसते ती खाच झिजली आहे का. मोटरची एक्सल जोर लावताना खाचेतून उलटी फिरायला बघते. नुसत्या नटावर विसंबू नका, टॉर्क आर्म नावाची पट्टी लावाच. ती नसली आणि एक्सल फिरली तर वायर पिळून तुटतात आणि चाक निखळू शकतं.
४. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच. किटसोबत येणारे असे लिव्हर केबल ब्रेकचे असतात, सळईच्या ब्रेकवर चालत नाहीत. म्हणजे निदान एक ब्रेक तरी केबलचा करावाच लागेल.

एवढं करायची तयारी नसेल तर सायकल आहे तशी रंगवून वापरा. ती तशीही सुंदर दिसते, आणि ॲटलसने २०२० च्या जूनमध्ये साहिबाबादचा कारखाना बंद केल्यापासून जुन्या ॲटलसला वेगळीच किंमत आली आहे.

ट्यूनिंग म्हणजे फक्त वेग वाढवणं नव्हे

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तीन-चार आकडे असतात. व्हिडिओवाले त्यातला फक्त स्पीड लिमिटचा आकडा वाढवून दाखवतात. बाकीचे जास्त कामाचे आहेत.

पहिला, चाकाचा साइज. २८ इंची चाक लावून सेटिंग २६ वर ठेवलं तर डिस्प्ले २५ दाखवत असताना तुम्ही खरे २७ ने जात असता. तेवढ्याने तुम्ही मर्यादेबाहेर गेलात, तेही नकळत.

दुसरा, करंटची मर्यादा. ३६ व्होल्टचा १५ अँपिअरचा कंट्रोलर क्षणभर ५४० वॅटपर्यंत ओढू शकतो. सुरुवातीचा करंट थोडा कमी ठेवला तर झटका बसत नाही, खाच आणि आरे टिकतात, बॅटरीही जास्त चालते.

तिसरा, पेडल सेन्सरच्या पायऱ्या. सगळ्यात खालची पायरी इतकी हलकी ठेवा की कापड बाजारातल्या गर्दीतही सायकल तुमच्या ताब्यात राहील.

बॅटरीबद्दल मात्र कंजुषी नको. २०२२ मध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर देशात, पुण्यातही, इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. पण हे नियम मान्यता घेऊन विकल्या जाणाऱ्या दुचाकींना आहेत. कोणीतरी जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून बनवलेल्या पॅकला ते थोपवू शकत नाहीत. तुमचा पॅक कुणी तपासलेला नाही, हे गृहीत धरून चाला. बीएमएस आणि फ्यूज आहे का बघा. चार्जर पॅकचाच वापरा: ३६ व्होल्टच्या साध्या लिथियम-आयन पॅकचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो, एलएफपी पॅकचा वेगळा. आणि रात्रभर, झोपायच्या खोलीत, दाराच्या वाटेवर चार्जिंग लावू नका.

मधला खाना हवा की नको?

आता मोठा प्रश्न. युरोपातही पेडल-असिस्टची मर्यादा २५० वॅट आणि २५ किमीच आहे. पण तिथे त्यावर ४५ किमीपर्यंतच्या वेगवान पेडल-सायकलींचा वेगळा वर्ग आहे. जर्मनीत त्यांना छोटी इन्शुरन्स प्लेट लावावी लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ७५० वॅटपर्यंतचे तीन वर्ग आहेत. आपल्याकडे मात्र सायकलनंतर थेट पूर्ण दुचाकी.

गंमत म्हणजे आपल्या कायद्यात मोपेडची जुनी खूण अजून आहे. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायचं लायसन्स मिळतं. ही तरतूद लुनासारख्या गाड्यांच्या उपयोगाची होती. आज त्या मापाची नवी पेट्रोल गाडी बाजारात जवळपास नाहीच. त्यामुळे दहावी-अकरावीच्या मुलाला तालुक्याच्या कॉलेजला जायला कायदेशीर पर्याय राहतात एसटी, साधी सायकल किंवा २५ ची ई-सायकल. ज्या जिल्ह्यात वाडीपासून कॉलेज पंधरा-वीस किलोमीटरवर असू शकतं, तिथे मुलं आणि पालक नियम वाकवतात यात नवल काही नाही.

मधला खाना करायचा तर तो नुसती सूट वाढवून होणार नाही. वेग ३५-४० चा असेल तर हेल्मेट, छोटी प्लेट, स्वस्त थर्ड-पार्टी इन्शुरन्स आणि आरटीओत एकदा ब्रेक व बॅटरीची तपासणी, एवढं तरी हवंच. किट विकणाऱ्यालाही जबाबदार धरावं लागेल, कारण आज '२५० वॅट' असा स्टिकर लावून जास्त ताकदीची मोटर विकणाऱ्याचं फार काही बिघडत नाही, अडकतो तो विकत घेणारा. नगरमध्ये आरटीओ आहे, तपासणी संस्था आहे, गाडी बनवणारे कारखाने आहेत. असा प्रयोग कुठे करून बघायचा तर यापेक्षा सोयीची जागा शोधावी लागेल.

तोपर्यंत हिशोब सरळ आहे. रोजचं अंतर दहा-बारा किलोमीटर आणि रस्ता सपाट असेल, तर पेडल सेन्सरवालं २५० वॅटचं किट, नवा ब्रेक आणि तपासलेली बॅटरी घ्या आणि बिनधास्त चालवा. रोज तीस-चाळीस किलोमीटर, मागे कोणी बसणार, ओझं असणार, तर किटच्या नादी लागू नका. तेच पैसे नंबरप्लेटवाल्या ई-मोपेडच्या डाउन पेमेंटला लावा. आणि दुकानदार म्हणाला, 'लिमिटची वायर काढून देतो, कोण बघतंय?', तर त्याला एवढंच विचारा: धडक झाली तर बिलावर सही तुमची घेऊ का?